इनास काकाचा संदेष्टा

नील, तारा, गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर सांगितलंत की तुमच्या दाराशी पांढरा शर्ट आणि काळा टाय घातलेली दोन तरुण मुलं आली होती, छातीवर नावाची पट्टी होती, आणि तुम्ही पडद्याआडून बघत राहिलात पण दार उघडलं नाहीत. मॉर्मन पंथाचे प्रचारक असतील, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही दोघं हसलात. तारोडीच्या आजीला मॉर्मन कुठून माहीत, असं तारा म्हणाली. तारा, मी चौदा वर्षांची असताना त्यांच्या संदेष्ट्यांची प्रवचनं मोठ्याने वाचून दाखवत असे. ऐकायला तुमच्या खापरपणजीपासून सगळं घर बसलेलं असायचं, आणि त्यातल्या एकालाही इंग्रजी नीट येत नव्हतं. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आमचं घर तारोडीत किनाऱ्याकडच्या टोकाला होतं. घराचे दोन भाग होते आणि मधे एकच विहीर. एका भागात माझी आजी, पपा, आई आणि मी. दुसऱ्यात पपांचा धाकटा भाऊ इनास काका, रोझी काकी आणि त्यांच्या दोन मुली. चुली दोन होत्या, पण एका चुलीवर काय शिजतंय ते दुसरीला वासावरून कळायचं. नारळाच्या रसातली बोंबलांची कढी असली की काकी वाटीभर इकडे पाठवायची आणि आई ती वाटी रिकामी परत करायची नाही, निदान दोन गरम भाकऱ्या त्यावर झाकून पाठवायची. मे महिन्यात अंगणात वर्षाचा मसाला कुटला जायचा तेव्हा सगळी गल्ली शिंकायची. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असत, मग पपा दिवसभर ओटीवर जाळी विणत बसायचे. ते बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची आणि जाळं कधी टाकायचं हे ठरवणारे. समुद्रावर त्यांच्या शब्दाला उलट शब्द नसे. घरात मात्र आजी त्यांना ‘बस गप’ म्हणायची आणि ते बसायचे. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की सगळे हातातलं टाकून माळेला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसत. माळ संपली की त्या आठवड्याचा काही धार्मिक मजकूर वाचायचा आणि वाचन संपलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. हे वाचन माझ्याकडे होतं, कारण मी भाईंदरला नन्सच्या इंग्रजी शाळेत जायची आणि घरात अक्षर न अडखळता वाचणारी मी एकटीच.

इनास काका बोटीवर होता, पण त्या वेगळ्या बोटी. मोठ्या मालवाहू जहाजावर तो खलाशांच्या स्वयंपाकघरात काम करायचा आणि वर्ष-दीड वर्षाने दोन-चार महिने घरी यायचा. तो आला की पेटी उघडायच्या आधी बाटली उघडली जायची. काका दारू पिऊन मारझोड करणारा नव्हता, तो रडायचा आणि पडायचा. मागच्या खेपेला त्याच्या मोठ्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तो चर्चच्या पायरीवरच झोपला होता. पांढऱ्या झग्यातली ती पोर आणि तिच्या मैत्रिणी त्याला ओलांडून आत गेल्या. काकीने फक्त त्याचे बूट काढून घरी आणले, कोणी चोरू नयेत म्हणून.

त्या वर्षी तो आला तेव्हा काकीने नेहमीसारखा चहा पुढे केला आणि त्याने कप बाजूला सरकवला. आजी म्हणाली, “आजारी हाय काय तू?” काका म्हणाला, नाही, सोडला. रात्री पपांनी बाटली काढली तर त्याने ग्लासवर तळहात ठेवला. विडीही नको. पपांनी काकीकडे पाहिलं, काकीने पपांकडे. मग त्याने पेटीतून दोन पुस्तकं काढून आजीपुढे ठेवली आणि सांगितलं की अमेरिकेत पश्चिमेच्या एका बंदरात त्याला एक पोरगा भेटला, वय एकवीस, पण त्याला ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा म्हणतात. त्या पोराने त्याला जेवायला नेलं, तीन रविवार मोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी त्याच्याशी बोलत बसला, आणि सांगितलं की देव अजून बोलतो. जुन्या काळी जसे संदेष्टे होते तसा एक संदेष्टा आजही जिवंत आहे, त्या देशात, खाऱ्या सरोवराकाठच्या एका गावात.

आजीने विचारलं, “मीठ पिकतं तिथं? मग भाईंदरासारखंच.”

त्या पोराने सांगितलेल्या नियमांनी काकाची दारू सुटली होती. चहा, कॉफी, तंबाखू, सगळंच. काका म्हणाला, फादरांनी बारा वर्षं सांगितलं, आईने सांगितलं, रोझीने सांगितलं, सुटली नाही. पण जिवंत संदेष्टा सांगतोय म्हटल्यावर सुटली. आता त्याला त्या पंथात जायचं होतं. त्यासाठी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, पूर्ण पाण्याखाली जाऊन. पुढच्या सफरीत त्याच बंदरात तो घेणार होता.

काकीने गुळाचं पाणी उकळून त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, “दारू सोडलीस, देव तुजं भलं करो. पण तू त्या पाण्यात गेलास का मी पोरींना घेऊन पालीला आईकडं जाते. मी चर्चमधी लगीन केलंय. चर्चबाहेरच्या माणसाशी न्हाय.” काकी बोलायची कमी, त्यामुळे ती बोलली की ते करणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काकाने मग ठरवलं की घराला सगळं समजावून सांगायचं, आणि समजावणार कोण, तर मी. दोन पुस्तकांपैकी एक नवं, पातळ, त्या पोराने दिलेलं. दुसरं जाडजूड, पिवळं पडलेलं, कातडी पाठीचं. ते काकाने स्वतःच बंदरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विकत घेतलं होतं. त्यात त्या पंथाच्या पहिल्या काळातली प्रवचनं होती. त्या पोराने नवं दिलेलं असताना हे का घेतलंस, असं मी विचारलं तर काकाला प्रश्नच कळला नाही. आमच्या घरात जितकं जुनं तितकं खरं असा हिशोब होता. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक तिच्या आजीचं होतं म्हणून त्यातली प्रार्थना जास्त लागू पडायची. पपा मासळीच्या जागा त्यांच्या आजोबांनी सांगितलेल्या खुणांवरून शोधत. काकाने तेच केलं. शेंड्यापेक्षा मुळाशी जावं म्हणून मूळ घेऊन आला.

आधी मी पातळ पुस्तक घेतलं. दिवसा वहीत मराठी करायची आणि संध्याकाळी वाचायची. पहिल्याच पानावर एक मुलगा होता, पुढे त्यांचा पहिला संदेष्टा झालेला. त्याच्या गावात चार पंथांचे लोक चार दिशांना ओढत होते, आणि यातलं खरं कुठलं हे देवाला विचारायला तो एकटा झाडीत गेला. वय चौदा. माझंही चौदा. मला आठवतं, मी वही मिटून तशीच बसले होते. आमच्या शाळेत प्रश्नाला उत्तर पाठ करायचं असे, आणि इथे कोणी एक माझ्या वयाचा मुलगा थेट वरिष्ठांच्या डोक्यावरून जाऊन विचारत होता. तो खरं बोलत होता की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण त्याने विचारलं ही गोष्ट मला फार आवडली.

त्या संध्याकाळी माळ संपल्यावर मी तेच वाचलं. आजी डोळे मिटून बसली होती. वाचन संपलं तशी ती सवयीने खणखणीत आमेन म्हणाली, आणि तिच्यामागून सगळे. काका इतका हरखला की दुसऱ्या दिवशी त्याने मला त्या पोराला पत्र लिहायला बसवलं, ‘माझ्या आईने संदेष्ट्याला मान्यता दिली आहे.’ आजीला हे कळल्यावर ती म्हणाली, “मी आमेन बोलली ती गुडघे दुखत व्हते म्हणून. मेला संपलं एकदाचं.” पत्र तोवर भाईंदरच्या पोस्टात पडलं होतं.

पातळ पुस्तक संपलं आणि जाड सुरू झालं. काकाची एक रीत होती. जहाजावर कोठारातल्या मालाची नोंद ठेवायची सवय त्याला होती, त्यामुळे मी पान उलटलं की तो पेन्सिलीने एका कागदावर रेघ मारायचा. वाचता येत नव्हतं तरी किती पानं झाली हे त्याला बरोबर माहीत असायचं. मी रोज चार पानं आधी वाचून ठेवायची. अशीच एका दुपारी वाचताना मी थांबले. पहिल्या संदेष्ट्यानंतर जो दुसरा आला, त्याचं ते प्रवचन होतं. त्यात त्याने भरसभेत सांगितलं होतं की आदाम, आपला पहिला पुरुष, तोच आपला बाप आणि तोच आपला देव. पुढच्या एका प्रवचनात असं होतं की एका पुरुषाने अनेक बायका करणं ही देवाची आज्ञा आहे. मी नवं पुस्तक आणि त्यातली पत्रकं पुन्हा चाळली. आदामबद्दल तसं कुठेच नव्हतं. बायकांबद्दल इतकंच होतं की ती प्रथा नंतरच्या एका संदेष्ट्याने बंद केली, आणि आज तसं करणाऱ्याला पंथातून काढतात.

मला त्यातलं काय खरं याची उत्सुकता होतीच, पण भीती वेगळीच होती. काकाच्या हातातला ग्लास संदेष्ट्याने सोडवला होता. संदेष्टाच डळमळला तर तो हात परत कुठे जाईल? मी कोणाला विचारणार? म्हणून संध्याकाळी ती पानं मी गिळली. एकदम पाच पानं उलटली आणि पुढचं वाचलं.

काकाने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर असताना तो कागद घेऊन आला. “बाय, परवा एका दमात पाच पानं कशी गेली? तिथं काय हाय?” मी म्हटलं, पानं चिकटली होती. काका कठड्यावर बसला. म्हणाला, जहाजावर मना सगळे फसवतात, मना इंग्रजी येत न्हाय म्हणून. तू न्हाय फसवायचं.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने आधी विचारलं की तो दुसरा संदेष्टा खोटा होता असं कुठे लिहिलंय का. मी म्हटलं, नाही, त्याला अजून ते मोठा मानतात. “मग दोघं देवाशी बोलले म्हणतात, आणि एकानं सांगितलेलं दुसरा पुसतो?” हे तो मला विचारत नव्हता. तरी मी आमचं उदाहरण दिलं, कारण तेव्हा ते अगदी ताजं होतं. नुकतीच आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली होती. फादर जन्मभर वेदीकडे तोंड करून उभे राहायचे ते आता आमच्याकडे तोंड करून उभे राहत. शुक्रवारी मटण खाणं आईच्या लहानपणी पाप होतं आणि आता नव्हतं. आजी तर म्हणायची, माझ्या ज्या शेजारणी ते पाप करून मेल्या त्यांचं काय केलं वर, सोडलं का? तिने हे फादरांना विचारलंही होतं. फादर हसले होते. काका मात्र हसला नाही. तो म्हणाला, मिस्सा बदलली, देव न्हाय बदलला. इथं देव कोण हेच बदललंय.

हे त्या पोरालाच विचारायचं ठरलं. मी पत्र लिहिलं, कुठलं पान तेही त्यात घातलं. काकाने एकच प्रश्न सांगितला आणि मी तो सरळ इंग्रजीत घातला: संदेष्टा बोलतो तेव्हा तो देवाचं बोलतोय की स्वतःचं, हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं?

उत्तराला सात आठवडे लागले. त्या आठवड्यांत आमच्या घरात बोलणं कमी झालं. काका माळेला बसायचा पण वाचन ऐकायला थांबायचा नाही. संध्याकाळी किनाऱ्याने चालत जायचा, आणि ताडीच्या दुकानाच्या दिशेला गेला की काकी कुठल्या तरी मुलीला मागे पाठवायची, ‘पपाला जेवायला बोलव’ म्हणून, मग चुलीवर काही असो नसो. एकदा ती मला म्हणाली, “तू वाचलं नसतंस तर बरं झालं असतं,” आणि लगेच, “न्हाय. वाचलंस ते बरं केलंस.” तिची अडचण मला तेव्हा पुरती कळली नाही. तिला संदेष्टा नको होता, पण संदेष्ट्याने परत दिलेला नवरा हवा होता. पपांना विचारलं तर ते जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणाले की तांडेलसुद्धा वाऱ्याला चुकतो. चुकला म्हणून मधल्या समुद्रात कोणी बोटीतून उडी मारत नाही, आणि चुकला हे किनाऱ्यावर आल्यावर तोंडावर सांगायलाही सोडत नाही.

पत्र आलं ते चार कागद पाठपोट भरलेलं. तो पोरगा आता प्रचाराची दोन वर्षं पुरी करून आपल्या घरी, बापाच्या शेतावर परतला होता. ओटीवर सगळे जमले. काकी मला म्हणाली, “जसं हाय तसं वाच. मधलं गिळू नको.”

मी एकेक वाक्य वाचून मराठी करत गेले. त्याने लिहिलं होतं की ते जुनं पुस्तक त्याने कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन आजोबांच्या कपाटात ते शोधलं आणि काकाने सांगितलेलं पान वाचलं. तसं खरंच लिहिलेलं आहे. त्याने आपल्या वडिलांना विचारलं, मग मोठ्या अधिकाऱ्यांना. त्यांनी सांगितलं की ती शिकवण पंथाची नाही, आणि संदेष्टा हाही माणूस असतो, त्याचा प्रत्येक शब्द देवाचा नसतो. मेलेल्या संदेष्ट्याच्या शब्दापेक्षा जिवंत संदेष्ट्याचा शब्द वर. यापुढे त्याने लिहिलं होतं की कुठला शब्द कोणाचा हे ओळखायचं कसं, तर आम्ही प्रार्थना करून मनाला विचारतो. पण त्या एका प्रवचनाबद्दल त्याने आठवडाभर प्रार्थना केली आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. ‘मला माहीत नाही,’ असं वाक्य होतं, आणि त्याखाली रेघ.

शेवटी बाप्तिस्म्याचं होतं. त्याची तयारी होती, पण लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या संमतीशिवाय आम्ही पाण्यात नेत नाही, असं त्याने लिहिलं होतं. तेव्हा तुमच्या पत्नीला विचारा.

मग काकी म्हणाली, “परत वाच ते.” मी परत वाचलं.

“म्हंजे मी हो बोलल्याशिवाय न्हाय?”

“न्हाय,” काका म्हणाला.

काकी लगेच नाही म्हणेल असं आम्हाला वाटलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. पत्र हातात धरून तो बसला होता आणि त्या चार कागदांतल्या एकाच जागेवर बोट फिरवत होता, जिथे ती रेघ होती. मला वाटतं, तो मोडून पडेल ही भीती तिलाही होती. पण तो म्हणाला, “पोरगा खरा हाय. न्हाय माहीत तर न्हाय माहीत बोलला.”

काकी उठली आणि म्हणाली, “मना विचार करू दे.”

तो विचार तिने तीस वर्षं केला. काकाने दर सफरीला निघताना विचारावं, आणि काकीने म्हणावं, अजून करतेय. ती पालीला गेली नाही आणि तो पाण्यात गेला नाही. रविवारी तो तिच्याशेजारी मिस्सेला बसायचा, आणि घरी आल्यावर खिडकीत बसून ते पातळ पुस्तक उलटायचा. तोवर मोठ्या मुलीकडून त्याने अक्षरं शिकून घेतली होती. पुढे काही वर्षांनी वर्तमानपत्रात बारीकशी बातमी आली, की काळ्या वंशाच्या पुरुषांना पुरोहितपद न देण्याचा जुना नियम त्यांच्या संदेष्ट्याने काढून टाकला. जहाजावर काकाचा एक आफ्रिकन मित्र होता, त्याच्यासाठी ते काकाच्या मनात खुपत असे. ती बातमी त्याने कापून ठेवली आणि मला म्हणाला, “बग, जिवंत हाय तो. मेलेला कुठं मत बदलतो?” मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. मी विचारलं, मग त्याआधी इतकी वर्षं देव गप्प होता की ऐकणारे बहिरे होते? काका म्हणाला, हे लिहून पाठव त्या पोराला. मी पाठवलं. त्याचं उत्तर आलं, त्यातही बऱ्याच ठिकाणी ‘मला माहीत नाही’ होतं.

पण तुम्हाला सांगायचं राहिलं ते त्या पहिल्या वर्षाचं, रेघेचं ते पत्र आल्यानंतरचं. नाताळ उलटल्यावर पालीला काकीच्या भावाच्या, बस्त्यावच्या, मुलाचं लग्न निघालं. काकाची सफर आठ दिवसांवर होती. आमच्या लग्नात नवरा-नवरीच्या नावाने टोस्ट उठतो तेव्हा मांडवातल्या प्रत्येक पुरुषाच्या हातात ग्लास हवा, नाहीतर तो अपमान. घरी आल्यापासून काकाने असे मांडव टाळले होते. हा बायकोच्या माहेरचा, टाळता येण्यासारखा नव्हता. ब्रास बँड थांबला. बस्त्याव मोठा गमत्या माणूस, त्याला ते सगळं पत्राचं प्रकरण ठाऊक होतं. त्याने स्वतः ग्लास भरून काकाच्या हातात दिला. दोन्ही गावांची माणसं बघत होती.

काकाने ग्लास धरला. टोस्ट संपला, सगळ्यांनी ग्लास उंचावले, त्यानेही उंचावला, आणि मग तो तसाच बाजूच्या बाकावर ठेवून दिला.

बस्त्याव म्हणाला, “काय रे इनास, तुजा संदेष्टा बगतोय काय तिकडून?”

मांडव हसला. काका म्हणाला, “त्याचं मना म्हाईत न्हाय. रोझी बगते.”

मी वळून काकीकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून धाकटीच्या वेणीला रिबन बांधत होती.